बॉझमच्या चर्चमधली फरशी उचलू नये

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, चिचेस्टर शहराच्या थोडं पश्चिमेला, खाडीच्या काठी बॉझम नावाचं गाव आहे. भरतीच्या वेळी गावातला किनाऱ्यालगतचा रस्ता पाण्याखाली जातो आणि बेसावध पाहुण्यांच्या मोटारी तिथेच अडकतात. पाण्यापासून हाकेच्या अंतरावर होली ट्रिनिटी चर्च आहे. त्याचा मनोरा आणि आतली मोठी कमान नॉर्मन लोक येण्याच्या सुमाराच्या, अँग्लो-सॅक्सन घडणीच्या आहेत. १९५४ साली या चर्चमध्ये फरशीचं काम चालू असताना कमानीजवळ एक दगडी शवपेटी लागली. आत एका पुरुषाची हाडं होती. कवटी नव्हती, एक पाय नव्हता, दुसऱ्या पायाचा खालचा भाग नव्हता. हाडं पुन्हा फरशीखाली ठेवली गेली, पण तेव्हापासून एक प्रश्न गावाला चिकटला तो कायमचा. हा हॅरल्ड तर नसेल? १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत पडलेला, इंग्लंडचा अखेरचा अँग्लो-सॅक्सन राजा?

ते थडगं उघडून तपासू द्यावं, असा अर्ज २००३ मध्ये चिचेस्टरच्या धर्मप्रांताच्या न्यायालयापुढे आला आणि फेटाळला गेला. हेस्टिंग्जची कहाणी सांगणारी, भरतकाम केलेली लांब कापडी पट्टी म्हणजे बायो टॅपेस्ट्री. ती सप्टेंबर २०२६ ते जुलै २०२७ या काळात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला. त्या निमित्ताने हॅरल्डभोवतीचं कुतूहल वाढणार आणि फरशी उचलण्याची मागणी पुन्हा होणार, असं मला वाटतं. ती मान्य होऊ नये. मृतांना शांत पडू द्यावं ही भावना मला मोलाची वाटते, पण माझा विरोध तेवढ्यावर उभा नाही. त्या हाडांना जो प्रश्न आपण विचारू पाहतो त्याचं उत्तर ती देऊ शकत नाहीत, आणि या हट्टापायी राजाचं आणि गावाचं जे नातं खरोखर सिद्ध आहे त्याकडे आपण पाठ फिरवतो.

ते नातं पक्कं आहे, त्यात अंदाजाचा भाग फार थोडा. हॅरल्डचा बाप गॉडविन हा वेसेक्सचा अर्ल, राजाखालोखाल देशातला सर्वांत बलाढ्य माणूस. बॉझम हे या घराण्याचं समुद्राकडे उघडणारं दार होतं. १०४९ साली हॅरल्डचा थोरला भाऊ स्वेन याने आपला मामेभाऊ बेऑर्न याला गोड बोलून बॉझमला आणलं, गलबतावर चढवलं आणि पुढे ठार केलं. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल, म्हणजे त्या काळची बखर, ही घटना उघड तिरस्काराने नोंदवतं. दोनच वर्षांनी राजा एडवर्डशी बिनसलं तेव्हा गॉडविनने इथूनच गलबतं पाण्यात लोटली आणि तो फ्लँडर्सला परागंदा झाला. १०६४ च्या सुमारास हॅरल्डही इथूनच निघाला. त्या सफरीत तो नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमच्या हाती सापडला, तिथे त्याने, नॉर्मन लेखकांच्या म्हणण्यानुसार, इंग्लंडच्या गादीसाठी विल्यमला साथ देण्याची शपथ घेतली, आणि ती शपथ मोडल्याचं कारण पुढे करून विल्यमने इंग्लंडवर स्वारी केली. म्हणजे १०६६ च्या कहाणीचं पहिलं पाऊल या छोट्या खाडीत पडलं.

टॅपेस्ट्रीवर हे सगळं दिसतं. सुमारे ७० मीटर लांबीच्या त्या लिननच्या पट्टीवर अगदी सुरुवातीलाच हॅरल्ड आपल्या लोकांसह घोड्यावरून बॉझमकडे येतो. वर लॅटिन अक्षरांत गावाचं नाव भरलेलं आहे, शेजारी चर्च आहे. मग माडीवर जेवण चाललंय, कुणी शिंगातून पितंय. निघायची वेळ झाली म्हणून जिन्यावरून हाका येतात, आणि मंडळी कपडे वर खोचून, बहिरी ससाणे आणि कुत्रे सांभाळत, उघड्या पायांनी पाण्यातून गलबताकडे जातात. आजही ओहोटीच्या वेळी बॉझमला होडीपर्यंत जायचं तर चिखल तुडवावाच लागतो. भरतकाम करणाऱ्या बायकांनी हे गाव पाहिलं असेल असं नाही, चर्चचं चित्रही बहुधा ठोकळेबाज आहे. पण घर, जेवणघर, चर्च, धक्का हे सगळं एकमेकांना लागून असल्याची जी कल्पना त्यांनी उभी केली ती खरी होती. ते मी पुढे सांगतो.

आधी थडग्याचा दावा. तो त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडायला हवा, कारण तो मांडणारी माणसं पोरकट नाहीत. हॅरल्डच्या मृत्यूचं वर्णन करणाऱ्या एका जुन्या लॅटिन काव्यात चार सरदारांनी त्याला कसं मारलं ते येतं. एकाने छाती भेदली, एकाने शीर उडवलं, एकाने मांडी तोडली. बॉझमच्या पेटीतली हाडं याच्याशी जुळतात. विल्यमचा चरित्रकार विल्यम ऑफ प्वातिए सांगतो की हॅरल्डची आई गिथा हिने मुलाच्या देहाच्या वजनाइतकं सोनं देऊ केलं, ते विल्यमने नाकारलं, आणि देह समुद्रकाठी पुरायला लावला. जिवंतपणी किनारा राखत होता, आताही राखू दे, असा त्यामागचा कुत्सित विचार. बॉझम समुद्रकाठीच आहे. शिवाय अशी घडीव दगडी पेटी, तीही चर्चच्या अगदी मानाच्या जागी, साध्यासुध्या माणसाला मिळत नाही. गॉडविन स्वतः इथे पुरला असेल असंही म्हणता येत नाही, कारण १०५३ मध्ये तो वारला तेव्हा त्याला विंचेस्टरला पुरल्याची नोंद आहे.

हे सगळं एका दमात वाचलं की अंगावर काटा येतो. एकेक धागा ओढून पाहिला की मात्र वीण सैल होते. ज्या काव्यातून आपण तुटलेली मांडी उचलतो, तेच काव्य हॅरल्डला उंच कड्यावर, दगडांच्या ढिगाखाली पुरल्याचं सांगतं. हेस्टिंग्जजवळ समुद्राला भिडणारे कडे आहेत. बॉझमला कडा नाही, सपाट दलदलीचा काठ आहे, आणि रणभूमीपासून ते सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. जखमांसाठी काव्य ग्राह्य धरायचं आणि जागेसाठी गुंडाळून ठेवायचं, ही निवड सोयीची झाली. त्याहून मोठी अडचण विल्यमच्या हेतूची आहे. आईचं सोनं त्याने का नाकारलं असेल? हॅरल्डचं थडगं लोकांच्या भक्तीचं, उद्या बंडाचं ठिकाण होऊ नये म्हणून, हेच सरळ उत्तर आहे. असा माणूस त्याच शत्रूला त्याच्याच घराण्याच्या गावात, त्याच्याच चर्चमध्ये, वेदीसमोर दगडी पेटीत का निजवेल? यावर एक प्रतिवाद होतो. बॉझमची जहागीर विल्यमने स्वतःकडे ठेवली होती, तेव्हा तिथल्या थडग्यावर त्याची नजर राहिली असती. शक्य आहे. पण 'शक्य आहे' यावर फरशी उचलायची का, हाच तर वाद आहे.

दुसरीकडे एसेक्समधल्या वॉल्थम ॲबीचा दावा आहे. तिथलं चर्च हॅरल्डने स्वतः नव्याने उभारलं होतं आणि १०६० मध्ये त्याचं समर्पण झालं. बाराव्या शतकात तिथल्या मठवासीयांनी लिहून ठेवलं की त्यांचे लोक रणभूमीवर गेले, छिन्नविच्छिन्न प्रेतांमधून हॅरल्ड ओळखता येईना, तेव्हा त्याची सहचरी ईडिथ हिने फक्त तिलाच ठाऊक असलेल्या खुणांवरून देह ओळखला, आणि तो वॉल्थमला आणून पुरला. ही कथाही शंभर वर्षांनंतरची आणि मठाच्या हिताची आहे. तरी एका जुन्या परंपरेचा सलग आधार तिला आहे. बॉझमच्या दाव्याला तसा मध्ययुगीन आधार कुठेच नाही. तो १९५४ नंतर, सापडलेल्या हाडांवरून मागे जात बांधलेला आहे.

आता विज्ञानाकडे येऊ, कारण आजच्या मागणीचा सगळा भर तिथेच असणार. २००३ नंतर प्राचीन डीएनएचं शास्त्र कुठल्या कुठे गेलं, मग आता काय हरकत आहे, असं विचारलं जाईल. हरकत अशी की डीएनए कुणाचं नाव सांगत नाही, तो फक्त जुळणी करतो. जुळवायला दुसऱ्या बाजूला कुणीतरी निर्विवाद हवं. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा घ्यायचा तर गॉडविनपासून आजपर्यंत मुलाला मुलगा अशी साडेनऊशे वर्षांची अखंड साखळी हवी. तशी सिद्ध साखळी नाही. हॅरल्डचं रक्त पुढे गेलं ते मुलीकडून. त्याची मुलगी गिथा कीव्हच्या व्लादिमिर मोनोमाखला दिली आणि तिच्यावाटे ते युरोपच्या अनेक राजघराण्यांत पसरलं. पण तिच्या मुलांकडे हॅरल्डचं वाय गुणसूत्र जाणं शक्यच नाही. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा धागा घ्यायचा तर हॅरल्डच्या बहिणींकडे बघायचं. ज्यांची नीट माहिती आहे अशा दोघींपैकी ईडिथ राणी होती आणि निपुत्रिक गेली, गुनहिल्ड अविवाहित राहून ब्रुज इथे वारली. दोन्ही वाटा बंद आहेत.

लेस्टरचं उदाहरण हमखास दिलं जाईल. २०१२ मध्ये तिथे मोटारतळाखाली सापडलेला सांगाडा तिसऱ्या रिचर्डचा ठरला, २०१५ मध्ये सन्मानाने पुन्हा पुरला गेला, आणि शहराचं नाव जगभर झालं. पण तिथे काय काय हाताशी होतं ते पाहा. राजा ग्रेफ्रायर्स मठाच्या चर्चमध्ये पुरला गेल्याची त्या काळातली नोंद होती. वाकडा पाठीचा कणा वर्णनाशी जुळला. वय जुळलं. कवटी होती आणि तिच्यावर जखमा होत्या. राजाच्या बहिणीपासून आईकडून मुलीकडे चालत आलेली वंशावळ जिवंत माणसांपर्यंत पोचत होती. इतकं असूनही बापाकडच्या बाजूचा धागा जुळला नाही, कारण मधल्या पिढ्यांत कुठेतरी नोंदलेला बाप खरा बाप नव्हता. रिचर्डपासून आपण सुमारे ५४० वर्षं दूर आहोत, हॅरल्डपासून सुमारे ९६०.

आणि बॉझमच्या पेटीत कवटीच नाही. प्राचीन डीएनए सर्वांत चांगला टिकतो तो कानाच्या आतल्या भागाभोवतीच्या कठीण हाडात आणि दातांत. माणूस लहानपणी कुठल्या मातीत वाढला हे सांगणारी समस्थानिकांची चाचणी दातांच्या एनॅमलवर होते. ज्या दोन तपासण्या खरोखर काही नवं सांगू शकल्या असत्या, त्यांचा कच्चा मालच तिथे नाही. उरतो रेडिओकार्बन. तो हाडं अकराव्या-बाराव्या शतकातली आहेत का हे शंभर-दीडशे वर्षांच्या पट्ट्यात सांगेल. खाडीकाठी मासे खाऊन वाढलेल्या माणसाच्या हाडांत समुद्रातला जुना कार्बन उतरलेला असतो, त्यामुळे तो पट्टा आणखी पसरेल. समजा हाडं तेराव्या शतकातली निघाली, तर हॅरल्डचा दावा संपला, हे मान्य. एवढा एक फायदा तपासणीच्या बाजूने मी प्रामाणिकपणे मोजतो. पण समजा उत्तर '१०२० ते ११६०' असं आलं. मग काय होईल? दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत हॅरल्ड सापडलेला असेल. त्या दीडशे वर्षांत डोकं आणि पाय गमावलेली, दगडी पेटी परवडणारी माणसं इंग्लंडमध्ये किती होऊन गेली असतील, हा प्रश्न कुणी विचारणार नाही. जुन्या छायाचित्रांवरून तो माणूस वयाने साठीपर्यंतचा असावा असा एक अंदाज निघाला होता. हॅरल्ड मेला तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास होता. हेही मथळ्याखाली दबून जाईल.

२००३ च्या निकालाचं सूत्र हेच होतं. ओळख पटण्याची शक्यता इतकी क्षीण आहे की तेवढ्यासाठी दफनाची जागा विस्कटणं समर्थनीय नाही. इंग्लंडच्या चर्चचा कायदा मानतो की ख्रिस्ती दफन कायमचं असतं, अपवाद खरोखर अपवादात्मकच असायला हवा. मला हे तत्त्व धर्माच्या चौकटीबाहेरही पटतं. मेलेल्या माणसाची संमती घेता येत नाही. त्याच्या हाडांना हात लावायचा तर जिवंतांना काहीतरी ठोस कळणार असलं पाहिजे, आणि ते दुसऱ्या कुठल्याच वाटेने कळण्यासारखं नसलं पाहिजे. गावाला पर्यटक मिळतील हे कारण त्यात बसत नाही. गावाला अभिमान वाटेल हेही नाही. शिवाय तो माणूस हॅरल्ड नसेल, तर तो दुसरा कुणीतरी आहे, ज्याला राजाच्या मापात बसतो का हे पाहण्यासाठी आपण उठवलं. त्याच्याबद्दल कुणी अर्ज केला नव्हता.

याच चर्चने हे आधी एकदा अनुभवलंय. अकराव्या शतकात इंग्लंडवर राज्य करणाऱ्या कन्यूट या डॅनिश राजाची लहान मुलगी जवळच्या ओढ्यात बुडून मेली आणि इथे पुरली गेली, अशी गावात दंतकथा होती. १८६५ मध्ये त्या जागी खोदलं, लहान दगडी पेटी निघाली, आत सुमारे आठ वर्षांच्या मुलाची हाडं होती. दंतकथा सिद्ध झाली असं ठरलं. आज तिथे फरशीत डॅनिश कावळ्याचं चिन्ह आणि राजकन्येचा उल्लेख आहे. कन्यूटला अशी मुलगी होती असं त्या काळातला एकही कागद म्हणत नाही. सापडलं होतं ते एक मूल, पण त्याला मिळाली ती दंतकथेतल्या मुलीची ओळख. मोठ्या पेटीचं तेच व्हावं का?

मी मघाशी म्हटलं की राजा आणि गावाचं नातं वेगळ्या पुराव्याने सिद्ध आहे. तो पुरावा म्हणजे एक संडास. २००६ मध्ये गावातल्या एका खासगी घराच्या आवारात उत्खनन झालं होतं, त्यात एका मोठ्या लाकडी इमारतीला जोडलेला शौचकूप सापडला होता. तेव्हा त्याचं महत्त्व पुरतं लक्षात आलं नाही. न्यूकॅसल आणि एक्सेटर विद्यापीठांच्या पुरातत्त्वज्ञांनी ती सामग्री पुन्हा तपासली, जमिनीखालचा वेध घेणारं सर्वेक्षण केलं, जुने नकाशे आणि उभे अवशेष पडताळले, आणि जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये दहाव्या शतकापासून घराला जोडून संडास बांधण्याची चाल सुरू झाली ती फक्त बड्या लोकांच्या वाड्यांत. त्यामुळे ही इमारत त्या काळातल्या मोठ्या सत्ताधाऱ्याची, आणि बॉझममध्ये तो सत्ताधारी म्हणजे गॉडविनचं घराणं. चर्च आणि वाडा एकाच आवारात, बाजूला पाण्यावरून जाण्याची वाट. टॅपेस्ट्रीवर बायकांनी भरलेली ती माडी बहुधा इथेच होती.

हे वाचताना मला जो आनंद झाला तो थडग्याच्या कुठल्याही बातमीने झाला नसता. शौचकूप आपल्याला माणसाचं रोजचं जगणं सांगतो. सरदार कुठे राहत होता, चर्चपासून किती पावलांवर, धक्क्यापासून किती. तो वाडा चालवायला किती माणसं लागत असतील, याचा विचार करायला तो भाग पाडतो. विल्यमच्या अधिकाऱ्यांनी १०८६ मध्ये केलेल्या डोम्सडे नोंदीत बॉझमची जहागीर पूर्वी गॉडविनची होती असं लिहिलंय, आणि तिच्यात नांगर, गिरण्या, मासेमारीची ठिकाणं येतात. त्याच नोंदीनुसार त्या काळी इंग्लंडमध्ये मोजल्या गेलेल्या दहा माणसांत साधारण एक गुलाम होता. गलबताकडे जाताना हॅरल्डचे पाय चिखलाने माखले असतील तर परतल्यावर ते कुणीतरी धुतले असणार. त्या कुणाची दगडी पेटी चर्चमध्ये नाही.

गाव तर हॅरल्डहूनही जुनं आहे. ७३१ मध्ये इंग्लिश चर्चचा इतिहास लिहून पूर्ण करणाऱ्या बीड या भिक्षूने लिहिलंय की विल्फ्रिड हा धर्मप्रचारक या भागात आला तेव्हा बॉझमला, जंगल आणि समुद्र यांच्यामध्ये, डिकुल नावाचा एक आयरिश भिक्षू पाच-सहा सोबत्यांसह छोट्या मठात राहत होता. आजूबाजूचं कुणी त्यांचं ऐकत नव्हतं. साडेतेराशे वर्षांचा हा वारसा एका पेटीवर बेतणं मला या गावाचं नुकसान वाटतं.

टॅपेस्ट्रीच्या निमित्ताने जो पैसा आणि जी उत्सुकता येईल ती खाडीकाठच्या त्या वाड्याच्या आवाराकडे वळवावी, अशी माझी मागणी आहे. तिथली जमीन खासगी आहे, म्हणून मालकांशी रीतसर करार करून, घरादारांना धक्का न लावता आणखी सर्वेक्षण करता येईल. जुन्या वाटेचा शोध चिखलात, ओहोटीच्या वेळी घेता येईल. समुद्राची पातळी चढत असताना हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही, कारण किनाऱ्यालगतचे अवशेष आधी जातात, चर्चच्या आतली पेटी नंतर. येणाऱ्या पाहुण्याला वाड्याचा नकाशा दाखवावा, संडासाची जागा दाखवावी, आणि चर्चमधल्या पेटीबद्दल इतकंच लिहावं की इथे अकराव्या शतकाच्या आसपासचा असू शकेल असा एक मोठा माणूस पुरला आहे, त्याचं नाव माहीत नाही.

उद्या एखादं हस्तलिखित हाती आलं आणि त्यात विल्यमच्या काळात बॉझमला झालेल्या राजाच्या दफनाची नोंद निघाली, किंवा ब्रुजमध्ये गुनहिल्डचे म्हणून खात्रीचे अवशेष मिळाले आणि जुळणीला एक पक्की बाजू उभी राहिली, तर हा वाद पुन्हा मांडायला मी तयार आहे. तेव्हाही अर्जदारांनी आधी सांगावं की कवटी आणि दात नसलेल्या हाडांतून ते नेमकं काय काढणार आहेत, आणि उत्तर 'नाही' आलं तर ते तितक्याच मोठ्या आवाजात जाहीर करणार आहेत का.